गाडीमालकापुढे सीएनजीचा विषय काढण्याआधी: गोव्यात नव्याने रुजू झालेल्यांसाठी

गॅस कंपनीच्या विपणन विभागात रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात हातात एक रंगीत पत्रक येतं. डिझेलचा दर, सीएनजीचा दर आणि मधला फरक ठळक अक्षरांत. हे पत्रक घेऊन वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत शिरायचं आणि भेटेल त्या ट्रान्सपोर्टवाल्याला वाचून दाखवायचं, हेच आपलं काम, असं बहुतेकांना वाटतं. दराच्या फरकावर एखादी गाडी विकली जातेही. पण त्या गाडीच्या रोजच्या वाटेवर पंप नसेल, तर सहा महिन्यांत मालक कंटाळतो आणि स्टँडवरच्या बाकीच्या मालकांनाही सीएनजीपासून लांब राहायला सांगतो. गोवा लहान आहे, इथे अशी गोष्ट पेडण्याहून काणकोणला पोचायला वेळ लागत नाही. म्हणून माझा आग्रह असा, की आधी रूट बघा, मग दराचं बोला.

नकाशा तोंडपाठ हवा

गोव्यात गॅस वितरणाची दोन भौगोलिक क्षेत्रं आहेत. उत्तर गोव्याचं काम गोवा नॅचरल गॅसकडे आहे. ही गेल गॅस आणि भारत पेट्रोलियम यांची संयुक्त कंपनी. दक्षिण गोवा इंडियन ऑइल–अदानी गॅसकडे. परवाने देणारं आणि देखरेख करणारं मंडळ म्हणजे पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ, २००६ च्या कायद्याने आलेलं. तुम्ही यांपैकी कुठल्याही बाजूचे असा, मालकाला दोन्ही बाजूंचे पंप सांगता आले पाहिजेत. मोपाला माल उतरवून मडगावला परत जाणाऱ्या टेम्पोला आपल्या क्षेत्राची हद्द दिसत नाही. एका कंपनीचं इंधन कार्ड दुसऱ्या कंपनीच्या पंपावर चालेल, असं मात्र गृहीत धरू नका. मालकालाही ते पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा.

गॅस गोव्यात येतो तो गेल या सरकारी कंपनीच्या दाभोळ–बेंगळुरू गॅसवाहिनीच्या शाखेतून. पण प्रत्येक पंपाखाली वाहिनी नसते. जिथे वाहिनी थेट पोचते तो ऑनलाइन पंप. जिथे पोचत नाही तिथे वाहिनीवरच्या मोठ्या पंपावर, म्हणजे मदर स्टेशनवर, भरलेले सिलिंडरचे संच (कॅस्केड) गाडीवर लादून आणतात, तो डॉटर पंप. तुमच्या कामाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. कॅस्केड रिकामं होत आलं की प्रेशर उतरतं, भरायला वेळ लागतो आणि टाकी पूर्ण भरत नाही. २०० बारच्या (बार हे दाबाचं माप) जागी १५० वर नोजल काढली तर जवळपास पाव टाकी गॅस कमी मिळतो आणि तेवढी फेरी आखडते. कुठल्या पंपावर कॅस्केडची गाडी किती वाजता येते, कुठे सकाळी रिक्षांची रांग असते, कुठे दुपारी शुकशुकाट असतो, हे पंपावर स्वतः उभं राहून बघा. पंपावरच्या पोरांशी ओळख ठेवा. त्यांना हे सगळं घड्याळासारखं माहीत असतं.

शेजारचंही माहीत हवं. सिंधुदुर्गात महाराष्ट्र नॅचरल गॅसचं काम आहे. सावंतवाडी–कुडाळकडे रोज जाणाऱ्या गाडीला त्याचा उपयोग होऊ शकतो. चोर्ला घाटातून बेळगावला जाणाऱ्या भाजीच्या गाड्यांबद्दल बोलण्याआधी तिकडचे पंप प्रत्यक्ष चालू आहेत ना, हे फोन करून विचारा.

आणखी एक गोष्ट, जी महाराष्ट्रातून बदली होऊन आलेल्यांच्या लवकर लक्षात येत नाही. गोव्यात पेट्रोल आणि डिझेलवरचा कर कमी आहे, त्यामुळे दर महाराष्ट्रापेक्षा उतरते आहेत. मुंबई-पुण्याचं बचतीचं कोष्टक इथे जसंच्या तसं लावलंत तर मालक दुसऱ्या मिनिटाला ते खोडून काढील.

कोणाकडे जायचं आणि कोणाकडे नाही

सीएनजीला सोयीची गाडी म्हणजे ठरलेल्या रस्त्यावर रोज भरपूर धावणारी आणि रात्री ठरलेल्या जागी परतणारी. गोव्यात अशा गाड्या पुष्कळ आहेत. वेर्ण्याच्या औषध कारखान्यांच्या कामगारांना पाळीप्रमाणे आणणाऱ्या-सोडणाऱ्या कंत्राटी बसगाड्या. म्हापसा किंवा फोंड्याच्या गोदामातून गावोगावच्या दुकानांना बिस्किटं, साबण, तेल पोचवणारे वितरकांचे टेम्पो. कळंगुट–कांदोळी पट्ट्यातल्या हॉटेलांच्या चादरी-टॉवेल धुलाईला नेणाऱ्या व्हॅन. दुधाच्या गाड्या.

शाळेच्या बसगाड्यांवर मी थोडा जास्त वेळ घेईन, कारण त्यांच्याकडे आपले लोक फारसे जातच नाहीत. सकाळी मुलांना सोडून झालं की ही बस दुपारी शाळा सुटेपर्यंत उभी असते. नेमक्या याच वेळी पंपही मोकळा असतो. रांग नाही, कॅस्केड भरलेलं, बसमध्ये एकही मूल नाही, म्हणजे गॅस भरताना प्रवासी उतरवण्याचा प्रश्नच नाही. शिवाय डिझेलचा काळा धूर शाळेच्या फाटकाशी, रांगेत उभ्या असलेल्या मुलांच्या नाकातोंडात जात नाही. पालकांच्या सभेत हा मुद्दा व्यवस्थापनाला मांडता येतो. बालरथ या राज्य सरकारच्या शालेय बस योजनेतल्या गाड्यांचं मात्र वेगळं आहे. तिथे सरकारी अनुदानाचे नियम लागतात, म्हणून आधी मुख्याध्यापकांशी बोलून खरेदीचा निर्णय कोण घेतं ते समजून घ्या. सुरुवात खासगी कंत्राटदारांच्या बसपासून केलेली बरी.

टॅक्सीवाल्यांचं दोन तऱ्हेचं असतं. हॉटेलच्या दारात पाळीची वाट बघणारी टॅक्सी दिवसाला फार धावत नाही, तिची बचत थोडी. मोपा किंवा दाबोळी विमानतळावरून किनारपट्टीवर सारख्या फेऱ्या मारणारी गाडी चांगली धावते, पण तिथे अडचण डिकीची. पाहुणे दोन-दोन मोठ्या बॅगा घेऊन उतरतात आणि डिकीत सिलिंडर बसलेला. काही कंपन्या आता एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी बसवतात; तशी गाडी टॅक्सीवाल्याला आधी दाखवा. जुलै २०२३ मध्ये मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी नवी पर्यटक वाहनं विजेवरची असावीत अशी घोषणा केली होती. म्हणून नवी टॅक्सी घेऊ पाहणाऱ्याला भेटायला जाण्याआधी वाहतूक खात्यात त्या दिवशीचा नियम विचारून जा. पंधरा मिनिटांचं काम आहे आणि मालकाचे लाखो रुपये त्यावर अवलंबून असतात.

खनिजवाहू टिपरवाल्यांकडे सध्या जाऊ नका. चढ, ओव्हरलोड, धूळ, आणि खाणीच्या रस्त्यावर पंप नाही, ही तांत्रिक कारणं आहेतच. पण त्याहून मोठं कारण माणसांचं आहे. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, नंतर २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या भागांत दारात उभ्या ट्रकांचे हप्ते लोकांनी कसे फेडले, ते त्यांनाच ठाऊक. डिचोलीच्या एका मालकाने मला विचारलं होतं, “बाब, कर्ज काढून गाडी घ्यायची ती धावेल म्हणून. उद्या तुमचा पंप बंद पडला तर हप्ता कोण भरील?” या प्रश्नाला पत्रकात उत्तर नाही. अशा मालकाकडे तीन गाड्या असतील तर तिन्ही बदला असं कधीही म्हणू नका. जिचं आयुष्य संपत आलंय अशी एकच गाडी बदला, वर्षभर चालवा, मग पुढचं बघू, असं सांगा.

केरळकडे मासळी नेणाऱ्या किंवा मुंबई-बेंगळुरूला रात्रभर धावणाऱ्या मोठ्या गाड्यांनाही आत्ता आग्रह नको. टाकी कितीची आणि वाटेत पंप किती अंतरावर, याचं गणित पक्कं जुळलं तरच.

पहिल्या भेटीत वही मागा

पहिल्या भेटीत काही विकायचं नाही. मालकाकडून एकच गोष्ट मागायची: ड्रायव्हरची डायरी. प्रत्येक ट्रान्सपोर्टवाल्याकडे ती असते, कधी डॅशबोर्डवरच्या प्लास्टिकच्या पिशवीत, कधी टेबलाच्या खणात. तेलकट बोटांचे ठसे, पेनाने लिहिलेले किलोमीटर, समोर डिझेलचे लिटर, मध्येच एखादी टोलची किंवा पंक्चरची नोंद. त्या डायरीची मागच्या महिन्याची पानं मोबाइलवर काढून घ्या, मालकाला विचारूनच. चतुर्थीचा किंवा डिसेंबरअखेरचा महिना असेल तर शेजारचा एक साधा महिनाही घ्या, नाहीतर धावण्याचा आकडा फुगलेला येतो. पावसाळ्यातला महिना मिळाला तर उत्तमच, कारण पर्यटनावर चालणाऱ्या गाड्यांची खरी परीक्षा जून ते सप्टेंबरमध्ये होते.

त्या पानांवरून काढायचं ते असं: गाडी रोज सरासरी किती धावते, कुठून निघते, कुठल्या रस्त्याने जाते, कुठे रिकामी परतते, किती वाजता मोकळी असते, आणि एका लिटरला खरोखर किती देते. कंपनीच्या जाहिरातीतलं ॲव्हरेज वापरू नका. मालकाला आपल्या गाडीचं ॲव्हरेज पाठ असतं, आणि तुम्ही तोच आकडा वापरलात की त्याला तुमचं पुढचं गणितही पटतं.

हिशेब त्याच्यासमोर, कागदावर

पुढचे आकडे केवळ पद्धत कळावी म्हणून धरलेले आहेत. भेटीच्या दिवशी पंपावरचे दर घाला.

समजा डिझेल ९० रुपये लिटर आणि टेम्पो १५ किलोमीटर देतो. म्हणजे किलोमीटरला ६ रुपये. सीएनजी ८५ रुपये किलो आणि तसाच सीएनजी टेम्पो १७ किलोमीटर देतो. किलोमीटरला ५ रुपये. फरक १ रुपयाचा. गाडी रोज १०० किलोमीटर, महिन्याला २६ दिवस धावते, तर बचत २,६०० रुपये. पत्रक इथेच थांबतं.

आता पंप त्याच्या रस्त्यापासून ६ किलोमीटर आत आहे असं धरा. जाऊन-येऊन १२ किलोमीटर, रोज भरावं लागतं, म्हणजे रोजचे ६० आणि महिन्याचे १,५६० रुपये केवळ पंपावर जाण्यात गेले. हातात उरले १,०४०. सीएनजी गाडी डिझेलवालीपेक्षा ७० हजारांनी महाग पडली असेल तर ते वसूल व्हायला साडेपाच वर्षांहून जास्त लागतील. पंप रस्त्यावरच असेल तर तेच पैसे सव्वादोन वर्षांत सुटतात. दर तोच, गाडी तीच. फरक फक्त पंपाच्या जागेचा.

रांगेतला वेळही याच कागदावर लिहा. अर्धा तास थांबल्यामुळे वितरकाची दोन दुकानं सुटत असतील तर त्याचं नुकसान इंधनाच्या बचतीपेक्षा मोठं असतं. आणि हिशेब उलटा आला तर मालकाला तसं सांगा: “शेट, तुमच्या या रूटला सध्या परवडणार नाही. पलीकडे पंप झाला की मी स्वतः येईन.” वरिष्ठांना महिन्याचा आकडा हवा असतो हे मला माहीत आहे. तरीही हेच करा, आणि तो रूट कार्यालयात लिहून द्या. नवा पंप कुठे हवा हे ठरवणाऱ्यांना याहून चांगली माहिती दुसरीकडून मिळत नाही.

दर कायम राहील असं वचन कधी देऊ नका. देशातल्या गॅसचा दर एप्रिल २०२३ पासून कच्च्या तेलाच्या सरासरीशी जोडलेला आहे. शिवाय शहरांच्या वाट्याला येणारा स्वस्त देशी गॅस कमी झाला की आयात गॅस मिसळावा लागतो. २०२२ मध्ये सीएनजी झपाट्याने महागला आणि डिझेलशी असलेला फरक पुष्कळ आटला होता. फरक निम्म्यावर आला तर काय होईल, तो आकडाही त्याच कागदावर खाली मांडून द्या.

गाडीबद्दल पुरेसं

गाडी विकणं शोरूमवाल्याचं काम आहे, पण चार गोष्टी तुम्हाला ठाऊक हव्यात. कारखान्यातूनच सीएनजी बसवून आलेली गाडी घेणं केव्हाही चांगलं. चालू पेट्रोल गाडीला किट बसवायचं असेल तर ते मान्यताप्राप्त असावं, मान्यताप्राप्त केंद्रातच बसवावं, आरसीवर नोंद व्हावी आणि विमा कंपनीला कळवावं. नोंद राहिली आणि अपघात झाला, तर दावा अडकू शकतो. डिझेल गाडीला ‘किट टाकून द्या’ असं कोणी म्हणालं तर थांबवा: डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो, तिथे जवळजवळ इंजिनच बदलावं लागतं.

टाकीवर लिहिलेले लिटर पाण्याचे असतात. ६० लिटरच्या टाकीत साधारण ९-१० किलो गॅस मावतो, साठ किलो नव्हे. पोलादी टाकीचं स्वतःचं वजन बरंच असतं आणि तेवढा माल कमी भरावा लागतो. सिमेंट-फरशी वाहणाऱ्याला हे आधी सांगा, चादरी वाहणाऱ्याला त्याने फरक पडत नाही. पेट्रोल इंजिन गॅसवर चालवलं की ताकद थोडी कमी होते. सपाट रस्त्यावर जाणवत नाही, अनमोड किंवा चोर्ल्याच्या चढावर भरलेल्या गाडीला जाणवते.

ड्रायव्हरला पंपावर न्या

मालकाने होकार दिला तरी गाडी ड्रायव्हर चालवतो. त्याला कोकणी येत असेल तर कोकणीत, कन्नड येत असेल तर ते येणाऱ्या सहकाऱ्याला घेऊन, पण त्याच्याशी वेगळं बोला. गर्दी नसलेल्या वेळी पंपावर न्या आणि एक भरणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाखवा. इंजिन बंद, सगळे खाली, मोबाइल आणि विडी लांब. पंपावरचा माणूस टाकीच्या तपासणीची पट्टी बघतो, झाकण काढून नोजल बसवतो, झडप फिरवतो. डिस्पेन्सरवर एकीकडे किलो वाढत जातात, दुसरीकडे प्रेशरचा काटा २०० कडे सरकतो. भरताना टाकी गरम होते, म्हणून एप्रिल-मेच्या दुपारी घाईने भरलं की किलो थोडे कमी बसतात; सकाळी लवकर किंवा रात्री भरलेलं चांगलं. झडप बंद करताना ‘फुस्स’ असा आवाज येतो. पहिल्यांदा ऐकणारा दचकतो. तो नळीत राहिलेला थोडा गॅस आहे, हे आवाज येण्याआधीच सांगून ठेवा.

स्फोटाची भीती सगळ्यांना असते, आणि तिला हसू नका. मिथेन हवेपेक्षा हलका; गळती झाली तर उघड्यावर वर निघून जातो. घरच्या सिलिंडरमधला एलपीजी जड असतो आणि जमिनीलगत साचतो. सीएनजी आपोआप पेट घेतो तो ५४० अंश सेल्सिअसच्या आसपास, पेट्रोलच्या जवळपास दुप्पट तापमानाला. वास यावा म्हणून त्यात मुद्दाम द्रव्य मिसळलेलं असतं. वास आला तर झडप बंद करायची, गाडी मोकळ्या जागेत ठेवायची, आणि बंद गॅरेजमध्ये दिवा लावायला जायचं नाही. खरा धोका असतो तो गल्लीबोळात जुनी टाकी चढवून बसवलेल्या गाडीत आणि मुदत उलटलेल्या टाकीत. दर ३ वर्षांनी टाकीची हायड्रोटेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाखाली घेतलेली तपासणी, सक्तीची आहे. किनाऱ्यालगत फिरणाऱ्या गाड्यांच्या टाकीचे पट्टे आणि नळ्यांचे सांधे खाऱ्या हवेने गंजतात, ते पावसाळ्यानंतर एकदा बघून घ्यायला सांगा.

डिझेल काढून विकता येतं, सीएनजी काढता येत नाही. मालकाला हा मुद्दा फार आवडतो. पण तो ड्रायव्हरसमोर बोलू नका. प्रामाणिक माणसाचा विनाकारण अपमान होतो.

दोन प्रश्न येणारच

पहिला: हे नवं आहे, टिकेल का? १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या बस सीएनजीवर नेण्याचा आदेश दिला आणि २००२ च्या अखेरीस तिथला सार्वजनिक बसताफा गॅसवर आला होता. मुंबईच्या टॅक्सी-रिक्षा तर गोव्यातून कामाला गेलेल्या प्रत्येकाने पाहिल्या आहेत.

दुसरा: मग थेट विजेवरचीच का घेऊ नये? कदंब या राज्य परिवहन महामंडळाच्या विजेवरच्या बस लोक रोज बघतात, तेव्हा प्रश्न रास्त आहे. गाडी दिवसाला ८०-१०० किलोमीटर धावून रात्री स्वतःच्या आवारात उभी राहत असेल, तर मालकाने विजेचा हिशेबही जरूर मांडावा आणि तुम्ही त्याला मदत करावी. सीएनजीची बाजू भक्कम आहे ती दोन पाळ्यांत धावणाऱ्या, चार्जिंगला तासन्‌तास उभं राहणं न परवडणाऱ्या गाड्यांसाठी. पर्यावरणाबद्दल बोलताना डिझेलपेक्षा काजळी खूपच कमी, एवढं ठामपणे सांगा. ‘शून्य प्रदूषण’ म्हणू नका. जळताना कार्बन डायऑक्साइड निघतोच, आणि न जळता गळलेला मिथेन हवामानाला जास्त घातक असतो.

कागद आणि त्यानंतर

मुंबईसह काही शहरांत गॅस कंपन्यांनी नव्या व्यावसायिक गाड्यांना इंधन कार्डाच्या रूपाने सवलत दिलेली आहे. तुमच्या कंपनीची अशी योजना चालू असेल तर तिची मुदत, कुठल्या वजनाच्या गाडीला किती, आणि कुठल्या पंपांवर, हे लेखी पत्रावर द्या. सवलत वजा जाता हिशेब जमत नसेल तर तो जमत नाही असंच समजा. कार्ड संपतं, गाडी आठ-दहा वर्षं राहते. पाचपेक्षा जास्त गाड्या असलेल्या मालकासाठी पंपचालकाशी बोलून ठरावीक वेळ मिळते का ते बघा. सकाळी साडेपाचला रांग न लावता भरून मिळणं हे कित्येकांना दरातल्या रुपयापेक्षा मोलाचं वाटतं.

गाडी रस्त्यावर आल्यावर पंधरा दिवसांनी तीच डायरी पुन्हा मागा. कागदावर मांडलेलं ॲव्हरेज आणि प्रत्यक्षातलं, पंपावर गेलेला वेळ, किती वेळा टाकी अर्धीच भरली, हे त्याच्याबरोबर बसून बघा. कमी देत असेल तर आधी टायरची हवा आणि एअर फिल्टर, मग गाडी शोरूमला. डॉटर पंपावर प्रेशर सारखं कमी मिळत असेल तर तारीख-वेळेसह आपल्याच कंपनीच्या परिचालन विभागाकडे लेखी द्या आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करा. प्रत्येक गाडीच्या हायड्रोटेस्टची तारीख आपल्या वहीत लिहून ठेवा आणि दोन महिने आधी मालकाला फोन करा, म्हणजे टाकी उतरवून तपासणीला पाठवायची ती पासिंगच्या आठवड्यातच उतरवता येईल आणि गाडी दोनदा उभी राहणार नाही.